डिंक्याने शिवलेले दाखले

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ढगाळ, दुपारनंतर ऊन. साडेआठला परवाना कार्यालयात. टोकन क्रमांक ४७. सव्वाबाराला नंबर लागला. कागद परत. सूनबाईच्या मुदतीचे तेवीस दिवस उरले. डिंक्या जेवला नाही. प्रश्नपत्रिकेने बटाटे तीनदा मागून घेतले. जिन्यातला दिवा गेला.

शाळेत आमच्या सिस्टर सांगत, की डायरीत आधी घडलेलं लिहावं आणि वाटलेलं लिहायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी लिहावं. तोवर पुष्कळसं वाटेनासं होतं. त्या मंगळवारी मी म्हणूनच एवढ्यावर वही मिटली. आता सगळं पार पडलं आहे, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

डिंक्या म्हणजे माझा पुतण्या, धाकट्या भाऊजींचा मुलगा. वय त्रेचाळीस. भाऊजींची फिरतीची नोकरी, दर दोन वर्षांनी बदली, म्हणून शाळेची आठ वर्षं तो आमच्याकडेच वाढला. चिकटवण्याचं त्याला वेडच होतं. कपाचा तुटका कान, माझ्या चष्म्याची दांडी, दाराची निखळलेली पाटी, काही दिसलं की हा डिंकाची बाटली घेऊन हजर. एकदा ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. तो त्याने इतका मनापासून चिकटवला, की चप्पल फरशीला बसली. हे ऑफिसला निघाले, पाय घातला, पाऊल उचललं आणि पुढे फक्त पाऊल आलं. त्या दिवशी ह्यांनी जागच्या जागी उभं राहून त्याला जे नाव ठेवलं, ते अजून चालू आहे.

आठवीत असताना त्याने वर्षभराच्या उत्तरपत्रिका शिवून त्यांचं पुस्तक केलं. गणितात तो नापास झाला होता, आणि नेमका तोच पेपर पहिल्या पानावर.

"अरे, हा तरी मागे घालायचास," मी म्हटलं.

"काकू, त्याचा कागद सगळ्यांत चांगला आहे," तो म्हणाला.

ह्या उत्तरात अख्खा डिंक्या आला. कागदावर काय लिहिलंय ह्यापेक्षा कागद कसला आहे, हे त्याला आधी दिसतं. पुढे तो बाइंडर झाला ह्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. एका म्हाताऱ्या बाइंडरकडे पाच वर्षं काढली, आणि चोविसाव्या वर्षी परदेशात गेला. तिथे जुन्या ग्रंथालयांची पुस्तकं दुरुस्त करणारी एक मोठी कार्यशाळा होती. तिथे एकोणीस वर्षं टिकला. तिथेच एका नर्सशी लग्न केलं. कटिंग मशीनने बोटाला जखम झाली तेव्हा टाके घालायला डॉक्टरांच्या शेजारी ती उभी होती. ह्या पठ्ठ्याने दुखतंय म्हणायचं सोडून, टाका जरा सैल पडतोय असं डॉक्टरांना सांगितलं. ती हसली, आणि तिथून पुढे सगळं झालं.

सूनबाई जन्माने तिकडची, नागरिकत्व तिकडचं. आपली भाषा ती नवऱ्याकडून शिकली, त्यामुळे तिच्या बोलण्यात बाइंडिंगचा कारखाना आहे. मुलीचे केस विस्कटले की म्हणते, "इकडे ये, कडा सारख्या करते." मुलगी सात वर्षांची. सकाळी डोळे उघडल्यापासून प्रश्न विचारते, म्हणून मी तिला प्रश्नपत्रिका म्हणते. तिला ते आवडतं, कारण तिच्या मते प्रश्नपत्रिकेला उत्तरं द्यावी लागत नाहीत.

गेल्या वर्षी ती कार्यशाळा बंद पडली. डिंक्याचा फोन आला.

"काकू, वरच्या दोन खोल्यांत कोणी राहतं का?"

"झुरळं राहतात."

"त्यांना नोटीस दे. आम्ही येतोय."

"किती दिवसांसाठी?"

"तू हाकलेपर्यंत."

चार जानेवारीला तिघं आली. सात पेट्या, त्यांतली एक नुसती दाभणं, टोचे आणि कागद दाबायच्या हाडाच्या पट्ट्यांची. हे गेल्यापासून मी घरात एकटी. पहिल्या आठवड्यात मला जिन्यावरच्या पावलांनी दचकायला व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात पावलं वाजली नाहीत की दचकायला लागले.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डिंक्या इथलाच नागरिक. मुलीचे कागद बापाच्या नावावर आठवड्यात झाले. सूनबाईला मात्र नव्वद दिवसांचा प्रवेश. त्या नव्वद दिवसांत कुटुंबीय म्हणून वास्तव्याचा अर्ज दाखल व्हायला हवा. अर्ज दाखल होऊन पावती मिळाली, की निकाल लागेपर्यंत राहता येतं, मग तो कधी का लागेना. पावती नाही मिळाली तर नव्वदाव्या दिवशी, म्हणजे तीन एप्रिलला, देश सोडायचा आणि तिकडून नव्याने अर्ज करायचा. त्याला आठ-नऊ महिने लागतात असं परवाना कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं. बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना तेरावा महिना चालू होता, त्यांनी फलक वाचणं सोडून दिलं होतं.

आई गेली तर मुलगी मागे राहणं शक्य नव्हतं. आणि डिंक्याने चौकाच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला होता, दोन ग्रंथालयांचं काम अंगावर घेतलं होतं. म्हणजे नवरा इकडे, बायको-मुलगी तिकडे.

अर्जासोबत बत्तीस कागद लागत होते. लग्नाच्या नोंदीचा दाखला, जन्माचे, शिक्षणाचे, पोलिसांचे, तब्येतीचे, घरमालकीण म्हणून माझं संमतिपत्र. जानेवारी आणि फेब्रुवारी ते गोळा करण्यात गेले. त्यांतले निम्मे तिकडून मागवावे लागले. बत्तिसावा कागद हाती आला तो दिवस सत्तावीस फेब्रुवारी. सूचनापत्रकाच्या शेवटी एक ओळ होती: "सर्व मूळ कागदपत्रे व्यवस्थित एकत्र करून सादर करावीत."

तुम्हीआम्ही ह्याचा अर्थ एक फाइल आणि एक क्लिप असा घेऊ. डिंक्याने बाइंडरासारखा घेतला. सुटे कागद पाहिले की त्याचा हात शिवशिवतो, अगदी दुसऱ्याच्या घरीसुद्धा. ते बत्तीस कागद घेऊन तो गाळ्यात गेला आणि दोन दिवसांनी एक ग्रंथ घेऊन आला. निळं कापडी आवरण, पक्की शिलाई, आत रेशमी खूणफीत, आणि तिन्ही कडा अशा कापलेल्या, की बोट फिरवलं तर काच वाटावी. मी तो हातात घेऊन कितीदा तरी उघडला, मिटला. त्या दिवशीच्या नोंदीत मीच लिहून ठेवलं आहे: "फार सुबक." तेव्हा पुढच्या दोषात माझाही वाटा आहे.

सूनबाई मात्र म्हणाली, "एवढं केलंस तर लेखकाचं नाव घालायचं कशाला राहिलं?"

त्या मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मला घरमालकीण म्हणून समक्ष जाणं भाग होतं. चार नंबरच्या खिडकीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. अंगठ्यावर रबरी टोपी, चष्मा साखळीला, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त नाही. त्यांनी आधी मला विचारलं.

"आजी, हे तुमच्याच घरी राहतात? प्रत्यक्ष राहतात?"

"सकाळी साडेसातला माझ्या अंघोळीला गरम पाणी उरत नाही," मी म्हटलं. "ह्यापेक्षा प्रत्यक्ष काय असतं?"

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्यांनी तो निळा ग्रंथ उघडला. पानं चाळली. चेहरा जरा सैल झाला.

"कुणी बांधलंय?"

"मी," डिंक्या म्हणाला, आणि पुढे त्याला आवरलं नाही. "पान पूर्ण सपाट उघडतं बघा. कुठेही दाबावं लागत नाही."

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम दोन वर्षांत सुटला." मग त्या लग्नाच्या दाखल्यावर थांबल्या. पान उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं. "ह्याचा नोंदणी क्रमांक कुठे आहे?"

"तिथेच असेल."

"ह्या दाखल्यांवर तो उजव्या कडेला, उभा असतो. शिक्क्याच्या बाजूला. इथे शिक्काही अर्धाच दिसतोय."

मी डिंक्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणीही तशाच व्हायच्या.

"तो कागद बाकीच्यांपेक्षा दोन बोटं मोठा होता," तो हळू म्हणाला. "बाहेर येत होता."

"मग?"

"मग... सारखा केला."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही सरकारी दाखला कापलात?"

"कडा सारख्या असल्याशिवाय पुस्तक होत नाही हो."

"पुस्तक कुणी मागितलं होतं?"

बाईंचा आवाज मात्र चढला नाही, हे मला सांगायला हवं. त्यांनी सरळ सांगितलं: कापलेला दाखला घेता येत नाही. नोंदणी क्रमांक कळला तर त्या इथून तिकडच्या कार्यालयाला पत्र पाठवून खात्री करून घेऊ शकतात, चार-पाच कामाचे दिवस लागतात. क्रमांक नसेल तर नवी प्रत मागवायची. नावावरून शोधून द्यायला तिकडचे लोक सहा ते आठ आठवडे घेतात. आणि बाकीचे एकतीस कागदही सुटे करून आणायचे, कारण ते वेगवेगळ्या विभागांत जातात.

"झेरॉक्स असेल ना एखादी?" त्यांनी विचारलं.

"आहे," सूनबाई म्हणाली. "पुस्तक झाल्यावर काढलेली."

आम्ही घरी आलो. दारात सूनबाईने चपला काढल्या आणि एकच वाक्य बोलली, "टाके मोजणारा माणूस, आणि आकडा दिसला नाही." ती ओरडली असती तर डिंक्याला बरं वाटलं असतं.

बुधवारी त्यांनी तिकडे फोन केला. नावावरून शोध, आठ आठवडे, कदाचित जास्त. लग्नाच्या दिवशीचा एक फोटो होता, दाखला हातात धरून दोघं हसताहेत. मोठा करून पाहिला. आकड्यावर डिंक्याचा अंगठा.

गुरुवारी प्रश्नपत्रिकेने जेवताना विचारलं, "आई परत जाणार म्हणजे आपण पण जाणार?"

"बघू," सूनबाई म्हणाली.

"मग बाबा?"

"बाबा इथे."

"मग बाबाला कोण ओरडणार?"

"आजी आहे ना."

"आजी ओरडत नाही. आजी लिहून ठेवते."

आम्ही हसलो. डिंक्या मात्र अर्ध्या ताटावरून उठला आणि गाळ्यात गेला. संध्याकाळी परत आला तो पाठीवर गोणी घेऊन. कापलेल्या कागदांच्या पट्ट्या तो गोणीत साठवतो, महिन्याअखेर रद्दीवाला नेतो. ह्या खेपेला रद्दीवाला अजून आला नव्हता, एवढीच एक आशा. शुक्रवारभर दिवाणखान्याच्या फरशीवर चादर अंथरून चौघं बसलो. मुलगी शाळेतून आली तशी दप्तरासकट बसली. पिवळ्या, पांढऱ्या, रेघांच्या, बिनरेघांच्या पट्ट्या. एकेक सरळ करायची, दोन्ही बाजू बघायची, बाजूला ठेवायची. कुणा वकिलाच्या वह्यांच्या कडा, कुणा शाळेच्या हजेरीपटाच्या कडा. आमचा आकडा नाही. संध्याकाळी सहाला गोणी संपली.

शनिवारी सकाळी सूनबाई त्या ढिगाकडे पाहत चहा पीत होती. नर्सची नजर. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यात एकही जाड पट्टी नाही."

"नसणारच," डिंक्या म्हणाला. "जाड कागद मी टाकत नाही."

"दाखल्याचा कागद जाड होता."

"होता."

"मग जाड कागदाचं तू काय करतोस?"

"पाठीला लावतो. पुस्तकाच्या. शिलाईवर आधी जाळीचं कापड, मग जाड कागदाचं अस्तर, म्हणजे पाठ वाकत नाही आणि पान..." इथे तो थांबला.

"सपाट उघडतं," सूनबाईने वाक्य पुरं केलं. "कुणाच्या पाठीला लावलंस?"

त्याने कपाटातून निळा ग्रंथ काढला, उघडून उलटा धरला, आणि पाठ आणि शिलाई ह्यांच्यामधल्या फटीत एक डोळा लावून पाहिलं.

"आत काहीतरी आहे," म्हणाला. "छापील आहे."

मला वाटलं आता झालंच, ओढून काढायचं. पण तसं नव्हतं. अस्तर शिलाईवर पूर्ण चिकटलेलं असतं. ओढलं की फाटतं, भिजवलं की शाई जाते. डिंक्या स्वयंपाकघरात आला. मी किटली ठेवली. तो सांगत गेला तसं मी करत गेले: पाणी उकळू दे, तोंड बारीक ठेव, वाफ अशी आडवी येऊ दे. त्याने आधी कापडी आवरण सोडवलं. मग दोन्ही हातांनी ग्रंथ वाफेसमोर धरला, पाठ वाफेकडे, आणि हाडाची पट्टी तोंडात.

"सुटेल?" सूनबाईने विचारलं.

पट्टी तोंडातून काढून तो म्हणाला, "कारखान्याचा गोंद असता तर नसता सुटला. हे खळीचं काम आहे. पिठाची खळ, पाणी दिसलं की ओळख देते."

आता ह्या खळीवरून त्या दोघांत काय काय झालं आहे ते मला ठाऊक आहे. ती तो सूनबाईच्या चांगल्या पातेल्यात शिजवतो. तिकडच्या कार्यशाळेत सगळे डब्यातला गोंद वापरायचे, हा एकटा रोज सकाळी पीठ ढवळत बसायचा, आणि पोरं त्याला आचारी म्हणायची. त्या शनिवारी पातेल्याविषयी कोणी काही बोललं नाही.

वीस मिनिटं लागली. मिनिटामिनिटाला हाडाच्या पट्टीचं टोक अस्तराखाली केसभर सरकवायचा, थांबायचा, पुन्हा वाफ. मुलगी दारात उभी होती आणि एकही प्रश्न विचारत नव्हती, ही घरातली पहिली वेळ. शेवटी एक लांबोडकी ओली पट्टी त्याच्या तळहातावर आली. त्याने ती टीपकागदावर ठेवली. अर्धा शिक्का, आणि त्याच्या शेजारी उभा आकडा. पहिले चार अंक छापील. शेवटचे तीन पेनाने लिहिलेले. पेनाची शाई थोडी पसरली होती.

आम्ही सगळे वाकलो.

"शेवटचा तीन आहे," मी म्हटलं.

"आठ," सूनबाई म्हणाली.

"तीन."

"काकू, आठ आहे, ह्या बाजूला बघा."

मी भिंग आणलं. भिंगातून तर तो धड कोणताच आकडा दिसेना. डिंक्या म्हणाला, "असू दे. दोनच शक्यता उरल्या. सकाळी एकही नव्हती." आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून वाढून घेतलं.

रविवारी त्याने उरलेला ग्रंथ उसवला. मी म्हटलं, मी धागे काढते, तू बघू नकोस. तर म्हणाला, "मी बांधलंय, मीच सोडतो. तू ओढशील आणि भोकं मोठी होतील." बाहेर गच्चीवर चटईवर बसून एकेक टाका कापला. बत्तीस कागद सुटे झाले. रेशमी खूणफीत मुलीने वेणीला घेतली.

सोमवारी पुन्हा चार नंबरची खिडकी. बाईंनी पट्टी पाहिली, दाखला पाहिला, दोन्ही शेजारी ठेवून जुळवले.

"ही कुठे सापडली?"

"पुस्तकाच्या पाठीत," डिंक्या म्हणाला.

बाईंनी पेन उचललं. "शेवटचा अंक?"

"तीन किंवा आठ," तिघं एकदम म्हणालो.

"दोन्ही क्रमांक पाठवते. त्यांनी सांगावं." मग त्यांनी बाकीचे कागद तपासायला घेतले. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला दाभणाची पाच भोकं. त्यांनी ती खरोखर मोजली आणि शेऱ्यात लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं म्हणून मला उलटं वाचता आलं: "सर्व कागदांस डावीकडे प्रत्येकी पाच छिद्रे. अर्जदाराच्या पतीचा व्यवसाय बाइंडिंग. स्पष्टीकरण स्वीकारले."

डिंक्याला राहवलं नाही. "बाई, तो मुलीचा अल्बम आणून द्या, मी असा बांधून देतो की..."

"गप्प बसा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "माझी नोकरी घालवाल. आणि पुन्हा काही कापायचं नाही. नखंसुद्धा."

चार-पाच कामाचे दिवस म्हणजे सोमवार चोवीसपर्यंत. सोमवार गेला. मंगळवार गेला. डिंक्या गाळ्यातून दर तासाला फोन करून विचारायचा, काही आलं का. सूनबाईने एक बॅग कॉटखालून ओढून बाहेर ठेवली. भरली नाही, उघडलीही नाही, नुसती भिंतीला लावून ठेवली. मी तिला कारण विचारलं नाही. बुधवारी ती मला म्हणाली, "काकू, मी गेले तर मुलीच्या शाळेचं काय करायचं ते लिहून ठेवू का?" मी म्हटलं, "लिही, पण पेन्सिलने."

गुरुवारी सकाळी अकराला घरचा फोन वाजला. मी उचलला. चार नंबरच्या बाई.

"आजी, त्यांना सांगा, उत्तर आलं. तीन नंबर कुणा दुसऱ्याच जोडप्याचा आहे. आठ ह्यांचा."

मी जिन्यात उभी राहून वर हाक मारली, "सूनबाई, आठ!"

ती पायऱ्या उतरत आली, मधल्या पायरीवर बसली आणि चेहरा ओढणीत घालून रडली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. माझे गुडघे पाहता हे सोपं नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना आठ."

"म्हटलं होतंस. आणि तीन कुणा दुसऱ्या जोडप्याचा निघाला."

"बरं झालं. मला दुसरा नवरा नकोच. हा एक सांभाळताना नाकी नऊ आलेत."

डिंक्याला तिने फोन केला तेव्हा पलीकडून एवढंच ऐकू आलं, "थांब, हाताला खळ आहे." पंधरा मिनिटांनी तो घरी आला, कपाळावर पिठाचा पट्टा. तिच्यासमोर उभा राहिला. माफी मागायची असं त्याच्या मनात असावं, पण त्याला ती कधीच धड मागता आलेली नाही. तो म्हणाला, "पुढच्या वेळी क्लिप लावू."

"पुढची वेळ येऊ देऊ नकोस," ती म्हणाली, आणि पदराने पुसावं तसं आपल्या बाहीने त्याचं कपाळ पुसलं.

शुक्रवारी, अठ्ठावीस मार्चला, सकाळी नऊला आम्ही खिडकीपाशी होतो. मुदतीला सहा दिवस होते. बाईंनी अर्ज घेतला, रबरी टोपीने बत्तीस कागद मोजले, शिक्का मारला आणि पावती सरकवली. एवढासा कागद, पातळ, निळसर. सूनबाईने तो दोन्ही हातांनी घेतला. डिंक्याचं लक्ष पावतीच्या कडेकडे गेलेलं मी पाहिलं. ती फाडून दिलेली होती, एका बाजूला दातेरी. सूनबाईनेही पाहिलं असावं. तिने पावती घडी न करता थेट आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"मी काही म्हणालो का?" डिंक्या म्हणाला.

"तुझा हात म्हणाला."

बाहेर बाकावर ते तेरा महिनेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी आमचे चेहरे पाहून विचारलं, "मिळाली?" मी हो म्हटलं. "चला, एकाचं तरी झालं," असं म्हणून त्यांनी आनंदाने शेजारच्या बाईंनाही सांगितलं. मला त्यांचं फार वाटलं. त्यांचा नंबर त्या दिवशी लागला की नाही ते कळलं नाही.

परवाना पुढे मे महिन्यात आला, तीन वर्षांचा. तो आला त्या दिवशी घरात काही विशेष झालं नाही. जे व्हायचं ते पावतीच्या दिवशी होऊन गेलं होतं. पावतीच्या त्या दुपारी डिंक्या तीन तास झोपला, मुलगी शाळेतून आल्यावर त्याच्या पोटावर बसून गृहपाठ करत होती, आणि सूनबाईने भिंतीला लावलेली बॅग पुन्हा कॉटखाली ढकलली. जाताना ती भिंतीला घासली आणि रंगाचा एक टवका निघाला. मी संध्याकाळी बसून दिवसाची नोंद केली. टोकन क्रमांक, वेळ, पावतीचा क्रमांक दोनदा पडताळून लिहिला, त्यातला आठ स्पष्ट आठ काढला. खाली शेवटची ओळ आहे:

गॅसचा सिलिंडर बदलला. जुना एकतीस दिवस पुरला.